तीन वर्षांचे रविवार

गेल्या रविवारी सकाळचा दुसरा चहा, पेपर आणि आईची "आज तरी ते कपाट आवर" ही सूचना, अशा तिन्ही गोष्टी बाजूला सारून मी एक गुणाकार केला. हाताने. चौकटीच्या वहीवर, पेन्सिलीने.

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

एका बाजूला नऊ आकडी संख्या, दुसऱ्या बाजूला बारा आकडी. नऊ आकड्यांत एक शून्य आहे, त्यामुळे एक ओळ वाचते. तरी आठ ओळी उरतात आणि प्रत्येक ओळीत बारा छोटे गुणाकार. म्हणजे ९६ वेळा पाढे आठवायचे, हातचे धरायचे आणि शेवटी ती सगळी उतरंड उभी बेरीज करत खाली आणायची. आठवड्याचे पाच दिवस ज्याला कॉम्प्युटरला कामाला लावायचा पगार मिळतो, त्याला हे सांगायला जरा लाजच वाटते, पण मला पाऊण तास लागला. आणि उत्तर चुकलं :)

उत्तर यायला हवं होतं ते असं:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

आजचा लेख या एका संख्येबद्दल आहे. गणिताचं वावडं असणाऱ्यांनी घाबरून पळू नये. पाढे आणि भागाकार येत असले तरी पुरे. आणि ज्यांना कधी एखादा बग शोधता शोधता वीकेंड गमवावा लागला असेल, त्यांनी तर शेवटपर्यंत थांबाच.

ही संख्या एकवीस आकडी आहे. वरवर पाहता बँकेच्या ट्रॅन्झॅक्शन नंबरसारखी कशीही ठोकून दिलेली वाटते, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला ती बायनरीत दाखवली की लगेच ओळख पटेल. बायनरीत तिचे ६७ आकडे होतात आणि ते सगळेच्या सगळे १ आहेत. हेक्साडेसिमलमध्ये लिहिली तर एक सात आणि त्याच्यामागे सोळा एफ. थोडक्यात, २ चा ६७ वा घात वजा १. इथून पुढे मी तो २^६७ − १ असा लिहीन.

हिची एक धाकटी बहीण आपल्या रोजच्या कामातली आहे. २^३१ − १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७. ३२ बिटच्या इंटीजरमध्ये मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. जुन्या ३२ बिटच्या युनिक्स यंत्रांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला जिथे अडकणार आहे, तीच ही. ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केलं की ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कोणीच भागत नाही. आपली २^६७ − १ मात्र ६४ बिटमध्येसुद्धा मावत नाही.

आता ही ६७ ची भानगड कुठून आली? त्यासाठी १६४४ सालच्या पॅरिसला जायला हवं.

तिथे मारँ मर्सेन नावाचा एक ख्रिस्ती साधू राहायचा. स्वतः गणिती होताच, पण त्याचं खरं काम म्हणजे पत्रव्यवहार. देकार्त, फर्मा, गॅलिलिओ, सगळ्यांशी याची पत्रं चालू. एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळवायचं, दुसऱ्याची शंका तिसऱ्याकडे पाठवायची. विज्ञानाची मासिकं निघण्याआधीच्या काळात हा माणूस म्हणजे एकखांबी टपाल कचेरीच होता. १६४४ च्या आपल्या पुस्तकात त्याने एक यादी देऊन टाकली. २५७ पर्यंतच्या घातांपैकी २^प − १ ही संख्या मूळ असते ती 'प' च्या फक्त या किमतींना: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७.

घात स्वतः मूळ संख्या असायला हवा, हे तेव्हाही माहीत होतं. पण तेवढं पुरत नाही. ११ मूळ आहे, तरी २^११ − १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ × ८९. त्यामुळे प्रत्येक घात वेगळा तपासावा लागतो. मग मर्सेनने ६७, १२७ आणि २५७ कसे तपासले? तर तपासलेच नसावेत. त्याच पुस्तकात तो स्वतः म्हणतो की पंधरा-वीस आकडी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळही पुरणार नाही. आणि आपली संख्या एकवीस आकडी. एक तर्क असा आहे की त्याला एक पॅटर्न दिसला असावा: ३१ म्हणजे ३२ वजा १, ६७ म्हणजे ६४ अधिक ३, २५७ म्हणजे २५६ अधिक १. दोनाच्या घातांच्या आजूबाजूचे आकडे. अर्धवट विदा पाहून पॅटर्न शोधायचा आणि ठणकावून डॉक्युमेंटमध्ये लिहून टाकायचा, हा आजार तसा जुनाच म्हणायचा.

यादीत एकूण पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ हे नको असलेले घुसले होते, तर ६१, ८९ आणि १०७ हे हवे असलेले राहून गेले होते. आणि ही यादी पूर्ण तपासून व्हायला १९४७ साल उजाडलं. तीनशे तीन वर्षं! इतका लांबलेला कोड रिव्ह्यू माझ्या तरी ऐकिवात नाही.

असो. ६७ ची चूक पकडणारा माणूस मोठा मजेशीर आहे. एदुआर ल्युका, फ्रेंच. इंजिनियरिंगला असताना रिकर्शन शिकण्यासाठी 'टॉवर ऑफ हनोई'चा प्रोग्रॅम आपण सगळ्यांनीच लिहिला (किंवा मागच्या बाकावरून कॉपी केला) आहे. तीन खुंट, एकावर एक चकत्या, मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही. ते कोडं १८८३ मध्ये बाजारात आणलं ते याच ल्युकाने. गंमत म्हणजे त्यात 'न' चकत्या असल्या की २^न − १ चाली लागतात. म्हणजे ६७ चकत्यांचा मनोरा हलवायला बरोब्बर आपल्या संख्येइतक्या चाली. सेकंदाला एक या वेगाने सुमारे ४ लाख ६७ हजार कोटी वर्षं. त्याचा मृत्यूही विचित्रच झाला. १८९१ मध्ये एका मेजवानीत वाढप्याच्या हातून ताटल्या पडल्या, उडालेला एक तुकडा ल्युकाच्या गालाला लागला, जखम चिघळली आणि काही दिवसांतच तो गेला. वय अवघं ४९.

तर या ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं की २^६७ − १ मूळ नाही. कसं? इथे खरी गंमत आहे. त्याने तिला एकाही संख्येने भागलं नाही!

त्याच्या चाचणीचं सुटसुटीत रूप पुढे १९३० मध्ये लेहमरने दिलं. तेच सांगतो, कारण ते दोन मिनिटांत कळतं. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातापेक्षा दोन कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही.

२^५ − १ म्हणजे ३१ घेऊ. तीन वेळा करायचं. ४ वरून १४. १४ वरून १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. ८ वरून ६२, बाकी शून्य. म्हणजे ३१ मूळ. आता २०४७ घेऊ. नऊ वेळा: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही, म्हणजे २०४७ मूळ नाही. पुरावा एकदम पक्का. पण त्या १७३६ कडे जरा टक लावून बघा. त्यात २३ कुठे दिसतो? ८९ कुठे दिसतो? कुठेच नाही. चाचणी एवढंच सांगते की ही संख्या फुटते. कुठे फुटते, याबद्दल ती मिठाची गुळणी धरून बसते.

म्हणजे १८७६ नंतर २^६७ − १ ची अवस्था अशी होती: हिचे तुकडे होतात हे पक्कं, आणि ते तुकडे कोणते हे जगात कोणालाही माहीत नाही.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एका प्रोजेक्टवर होतो (नाव-गाव नको). रात्री एक जॉब चालायचा. चौदा-पंधरा लाख ओळींची बेरीज दोन वेगवेगळ्या वाटांनी व्हायची आणि शेवटी दोन्ही बेरजा जुळवून बघितल्या जायच्या. एके दिवशी त्या जुळेनात. फरक किती, तर काही पैशांचा. रोज रात्री लाल अक्षरातला मेल यायचा की बेरीज चुकली आहे. कुठल्या ओळीत चुकली आहे, ते काही त्यात नसायचं. चौदा लाख ओळींत एक.

ते काम माझ्या गळ्यात पडलं. आठवडाभर नेहमीची कामं असायची, म्हणून याला शनिवार-रविवार. पहिल्या वीकेंडला उत्साह होता. तिसऱ्यापर्यंत तो संपला. एका मित्राच्या हळदीला जायचं राहिलं. आईने विचारणं सोडून दिलं. सातव्या रविवारी दुपारी सापडलं: एका आडवाटेच्या फंक्शनमध्ये आधी राउंडिंग आणि मग बेरीज होत होती. व्हायला हवं होतं उलटं. दोन ओळी होत्या, त्यांची एक करून टाकली आणि बेरजा जुळल्या.

सोमवारी मोठ्या उत्साहाने दाखवायला गेलो. साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढंच? एका ओळीला सात वीकेंड?"

त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आता कळतं. पण तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्या सात आठवड्यांसाठी काय लिहावं तेही सुचलं नाही. लिहिलं, 'राउंडिंगची चूक दुरुस्त केली.'

पुन्हा आपल्या संख्येकडे वळू. ल्युकानंतर सत्तावीस वर्षं गेली. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक होती. फ्रँक नेल्सन कोल नावाचे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक तिथे निबंध सादर करणार होते. विषय: मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी. कोल याच सोसायटीचे सेक्रेटरी. म्हणजे वर्षानुवर्षं इतरांच्या बैठका जमवणारा, इतरांचे निबंध छापून आणणारा माणूस.

पुढची गोष्ट गणिताच्या जगात फार सांगितली जाते. कोल उठले. काही न बोलता फळ्यापाशी गेले. खडूने दोनाचा सदुसष्टावा घात हाताने काढला आणि त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या बाजूला दोन संख्या लिहून त्यांचा गुणाकार मांडला. एकेक ओळ, हातचे, बेरीज. दोन्हीकडचं उत्तर एकच आलं. खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. सभागृहात टाळ्या पडल्या. प्रश्न कोणीच विचारला नाही. विचारणार काय? सगळा पुरावा फळ्यावर होता आणि तो चौथीतला पोरगाही तपासू शकला असता.

पुढे कोणीतरी त्यांना विचारलं, हे शोधायला किती वेळ लागला? उत्तर मिळालं: तीन वर्षांचे रविवार.

आता इतिहास म्हणून लिहितोय तर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही कथा आपल्यापर्यंत आली ती एरिक टेंपल बेल या गणितीमुळे. विचारणाराही तोच. पण १९०३ मध्ये बेल स्टॅनफर्डला, म्हणजे अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला शिकत होता. तो काही त्या सभागृहात नव्हता. कोल त्याला भेटले ते नंतर, कोलंबियात. प्रश्न विचारला तो १९११ मध्ये आणि हे सगळं पुस्तकात आलं १९५१ साली. शिवाय बेलसाहेब गोष्टी रंगवून सांगण्याबद्दल प्रसिद्ध. त्यामुळे ते मौन आणि त्या टाळ्या किती खऱ्या, देव जाणे. बैठक मात्र खरी, तारीख खरी, त्याच वर्षी सोसायटीच्या बुलेटिनमध्ये छापून आलेला निबंध खरा. आणि त्या दोन संख्या तर कोणीही केव्हाही गुणून बघाव्यात.

रविवारांचं काय? यावर मी थोडा हिशोब केला. फर्माच्या काळापासून एक नियम माहीत आहे: २^६७ − १ चा कोणताही अवयव १३४ च्या पटीत १ मिळवून येतो. म्हणजे १३५, २६९, ४०३ असेच उमेदवार. त्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च हवी, हा दुसरा नियम. त्यात अर्धे गळतात. जे उमेदवार स्वतःच ३, ५, ७ वगैरेंनी फुटतात तेही बाद. एवढ्या चाळण्या लावूनही १९ कोटींपर्यंत पोचायला माझ्या अंदाजाने ८० हजारांच्या आसपास भागाकार उरतात. एकवीस आकडी संख्येचा एक भागाकार पाच मिनिटांत होतो असं धरलं, तर झाले साधारण ६,६०० तास. तीन वर्षांत रविवार १५६. म्हणजे दर रविवारी ४२ तास!

तर नुसता भागत बसणारा माणूस हे करूच शकत नाही. कोलना चाळण्याच अधिक बारीक कराव्या लागल्या. वर्गसंख्यांना भागल्यावर कोणत्या बाकी उरू शकतात आणि कोणत्या नाहीत, त्यावरून उमेदवारांची अख्खीच्या अख्खी टोळकी बाद करत जायचं, अशी त्यांची वाट होती. चिकाटी होतीच, पण 'कुठे शोधायला नको' हे ठरवण्यात बुद्धीही होती. ज्याने कधी लॉग फाइल उपसली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

मी लॅपटॉपवर पायथॉनमध्ये हेच केलं. वरचे दोनच नियम, पाच ओळींचा लूप. चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत उत्तर आलं. १३४ ला १४,४५,५८० ने गुणून त्यात १ मिळवला की १९,३७,०७,७२१. आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगू? जरा चुकल्याचुकल्यासारखंच वाटलं. म्हणूनच वही-पेन्सिल काढली.

"पण याचा उपयोग काय?" हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आमच्या हापिसात जेवणाच्या टेबलावर मी ही गोष्ट सांगितली तेव्हा लगेच आला. कोलना स्वतःला काही उपयोग नव्हता. पण उत्तर सापडायला अवघड आणि तपासायला सोपं, हा जो विषम प्रकार त्या फळ्यावर दिसला, त्यावर पुढे अख्खा व्यवसाय उभा राहिला. १४३५१ चे अवयव तोंडी पाडून बघा. आणि आता ११३ × १२७ करून बघा. फरक कळला?

१९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन या तिघांनी याच फरकाचं कुलूप केलं. दोन मोठ्या मूळ संख्या गुणायच्या, गुणाकार जगजाहीर करायचा आणि अवयव खिशात ठेवायचे. आरएसए म्हणतात ते हेच. त्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधून १२९ आकडी संख्या देऊन जगाला आव्हान दिलं, बक्षीस १०० डॉलर. फोडायला ४ वर १६ शून्यं इतकी वर्षं लागतील असा तेव्हा अंदाज होता. लागली सतरा. १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून आपापल्या मशीनचा वेळ देऊन ती फोडली. २०२० मध्ये २५० आकडी फुटली. आता प्रत्यक्षात सहाशेहून जास्त आकडी संख्या वापरतात.

आणि ल्युकाच्या वाटेचं पुढे काय झालं? तर ती वाट कानपूरला पोचली. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे वाजवी वेळात आणि खात्रीने ठरवणारी रीत दिली. कयाल आणि सक्सेना तर नुकतेच बी.टेक. झालेले! तेव्हा काहींना वाटलं, आता आरएसएचं कुलूप तुटलं. तुटलं नाही. कारण त्यांची रीतही ल्युकाच्याच घराण्यातली. संख्या फुटते एवढं सांगते, तुकडे हातात देत नाही.

'चुकलंय' हे कळणं आणि 'इथे चुकलंय' असं बोट ठेवणं, या दोन वेगळ्या मेहनती आहेत. पहिली अनेकदा झटपट होते, यंत्रालाही जमते, लाल अक्षरात मेल पाठवते. दुसरीला रविवार लागतात. आणि तिचा दैवदुर्विलास असा की सापडलेलं उत्तर एका ओळीत मावतं. ज्यांनी नुसती ती ओळ पाहिली, त्यांना ती सोपीच वाटणार. कोलनी काय केलं? भाषण दिलं नाही, कष्ट सांगितले नाहीत. ती एक ओळ सगळ्यांसमोर तपासून दाखवली आणि खाली बसले. निदान गोष्टीत तरी तसंच आहे. मला त्या सोमवारी जमलं नाही ते हेच. माझा राग एका ओळीवर होता. वास्तविक ती एका ओळीत मावली हीच तर कमाई होती.

कोल १९२० मध्ये सेक्रेटरीपदावरून निवृत्त झाले. सोसायटीने कृतज्ञता म्हणून त्यांना काही रक्कम दिली. ती त्यांनी सोसायटीलाच परत केली आणि त्यातून कोल पारितोषिक सुरू झालं. फर्माचं शेवटचं प्रमेय सिद्ध करणाऱ्या अँड्र्यू वाइल्सना १९९७ मध्ये आणि मंजुल भार्गव यांना २००८ मध्ये मिळालं, ते हेच.

तर माझा गुणाकार. उत्तर चुकलं होतं, पण कुठे ते कळत नव्हतं (अगदी ल्युका स्थिती!). बाबा पेपर वाचत होते. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. चष्म्यावरून वहीकडे बघून म्हणाले, "काय चाललंय रे सकाळपासून?"

"एक गुणाकार जुळत नाहीये बाबा."

"नऊ काढून बघितलेस का?"

मी ब्लँक. मग त्यांनी दाखवलं. आकड्यांची बेरीज करत जायची, एक आकडा उरेपर्यंत. पहिल्या संख्येची बेरीज ३७, तिची १०, तिची १. दुसरीची ६४, म्हणजे १०, म्हणजे १. एक गुणिले एक, एक. "तुझ्या उत्तराचीही एकच यायला हवी. प्रत्येक ओळीलाही हेच लाव, म्हणजे चुकलेली ओळ सापडेल." लावलं. पाचव्या ओळीत एक हातचा राहिला होता. तो दुरुस्त करून पुन्हा बेरीज केली आणि उजवीकडून आकडे उतरत गेले: ७, २, ९, २, १, ४... डावीकडच्या १ पर्यंत. बेरीज १०९, म्हणजे १०, म्हणजे १.

बाबांनी वही हातात घेतली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." एवढंच. मग पुन्हा पेपर.

जाता जाता, ३१ ऑक्टोबर १९०३ चा वार मी कॅलेंडर लावून बघितला. शनिवार होता. म्हणजे दुसऱ्या दिवशी रविवार. अवयव तर कोलना आधीच कधीतरी सापडलेले असणार. पण सगळ्यांना दाखवून झाल्यावरचा तो पहिला रविवार. त्या दिवशी त्यांनी काय केलं असेल, ते काही कुठे लिहिलेलं नाही.

मी कपाट आवरलं.